पचमढीच्या गुहा: जटाशंकर, मोठा महादेव आणि नागद्वारी कसं पाहावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरहून पाच जण गाडीने मध्य प्रदेशातल्या पचमढीला जाणार आहेत. बरोबर अडुसष्ट वर्षांच्या आई आणि नऊ व बारा वर्षांची दोन मुलं. आईंना जटाशंकर, गुप्त महादेव, मोठा महादेव, चौरागड आणि नागद्वारी, सगळं एकाच खेपेत करायचं आहे. कोणत्या महिन्यात जावं, गुहांमध्ये धोका कशाचा आणि भस्मासुराच्या कथेतली कोणती जागा नेमकी कुठे, हे विचारलं आहे.

आधी महिन्याचं सांगतो, कारण बाकीचं त्यावर ठरतं. हे सगळं एका खेपेत होत नाही. नागद्वारी म्हणजे डोंगरातली नागदेवाची यात्रा; तिची वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाते आणि ती वर्षातून एकदाच, नागपंचमीच्या आधीचे साधारण दहा दिवस उघडते. ते दिवस भर पावसाचे. उरलेल्या चार जागा पाहायला सगळ्यात वाईट काळ नेमका तोच. म्हणून आई आणि मुलांसह जटाशंकर ते मोठा महादेव नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत करा. नागद्वारीला घरातल्या धडधाकट माणसांनी श्रावणाच्या तोंडावर वेगळं जावं. महाशिवरात्रीच्या आठवड्यात विदर्भातून त्रिशूळ घेऊन लोक चौरागडावर लोटतात. तो सोहळा भक्तीने जरूर पाहावा, पण लहान मुलांना घेऊन अरुंद गुहेत शिरायचे ते दिवस नव्हेत.

तारखा काढताना एक घोळ हमखास होतो. मध्य प्रदेशातलं पंचांग पौर्णिमेला महिना संपवतं, आपलं अमावास्येला. त्यामुळे तिकडे श्रावण आपल्या पंधरा दिवस आधी लागतो. नागपंचमी दोन्हीकडे एकाच दिवशी असते, पण नागद्वारीची यात्रा सुरू होते तेव्हा आपल्या कालनिर्णयात आषाढ वद्य चालू असतं. ‘श्रावण लागला की निघू’ असं ठरवणाऱ्याच्या हाती यात्रेचे शेवटचे चार-पाच दिवस उरतात आणि गर्दी तेव्हाच सर्वांत जास्त असते. नागपंचमीची तारीख धरून मागे दहा दिवस मोजा. पहिल्या तीन-चार दिवसांत जाऊन आलात तर वाट मोकळी मिळेल.

आता खडकाविषयी. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला पचमढीत सर्वांत आधी हेच समजून घ्यावं लागतं. आपला काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झाला. अजिंठा-वेरूळची लेणी त्यातच खोदली आहेत. पचमढीचा डोंगर त्याहून पुष्कळ जुना, सुमारे चोवीस कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचा. ती वाळू दाबली गेली, कण एकमेकांना चिकटले, मध्येमध्ये गोटे अडकून राहिले. कड्याजवळ उभं राहून नीट पाहिलं तर तिरके थर दिसतात. ते त्या जुन्या नदीच्या प्रवाहाने रचलेले आहेत. मुलांना हे आवर्जून दाखवा. नदी नाहीशी झाली, तिची वाळू डोंगर होऊन उभी आहे.

या दगडात पाणी मुरतं. कणांमधल्या फटींतून ते हळूहळू झिरपतं, उभ्या भेगांमधून खाली उतरतं आणि जिथे थर कच्चा असतो तिथे बाहेर पडतं. बाहेर पडताना कण सुटे करून नेतं. अशी कपार तयार होते, कपारीचं छत कधीतरी ढासळतं आणि गुहा मोठी होते. दुसरा प्रकार घळीचा. भेगेच्या वाटेने ओढा खोल कापत जातो आणि वरून सुटलेल्या प्रचंड शिळा दोन भिंतींमध्ये अडकून छत बनतात. मोठा महादेव ही झिरपणीची गुहा, गुप्त महादेव ही भेग आणि जटाशंकर ही शिळा अडकलेली घळ, असं मनात धरून चाला. तिन्हीकडे जपायच्या गोष्टी वेगवेगळ्या आहेत.

पचमढीत वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. भिजलेला वाळूखडक कोरड्यापेक्षा खूप कमजोर असतो, कारण कणांना धरून ठेवणारा चिकटा पाण्याने सैल पडतो. वरून कोरडा दिसला तरी आत ओल राहते. म्हणून जोरदार पाऊस झाल्यावर निदान दोन दिवस कड्याच्या कडेवर उभं राहू नये, बाहेर आलेल्या कंगोऱ्याला धरून लटकू नये, त्यावर पाय देऊन चढू नये. आपल्याकडे कातळाची धार हाताला लागली की माणूस बिनधास्त भार टाकतो. ती सवय इथे सोडावी लागते. इथली धार पापुद्र्यासारखी सुटून हातात येते.

छत कसं वाचायचं तेही सांगतो. जुना, स्थिर दगड बाहेरून काळपट किंवा शेवाळी असतो. त्यात कुठे फिक्या गुलाबी-पिवळ्या रंगाचा ताजा डाग दिसला आणि खाली जमिनीवर त्याच रंगाची मोकळी वाळू किंवा चिपा पडल्या असल्या, तर तो तुकडा अलीकडे सुटला आहे. त्या जागेखाली थांबू नका, फोटोसाठी तर नाहीच. भिंतीवर पांढरी भुकटी फुललेली दिसली तर तिथून पाणी झिरपून वाळतं आहे आणि मागे क्षार सोडतं आहे. क्षारांचे स्फटिक वाढताना कण ढकलतात, म्हणून अशी भिंत बोटाने चोळली तरी झडते. हाताच्या मुठीने हलके ठोकून पाहिल्यावर ढब्ब आवाज आला तर मागे पोकळी आहे. घट्ट दगड टणक वाजतो. पूजेच्या गुहांमध्ये रोज माणसांची ये-जा असते आणि धोक्याचे तुकडे लवकर लक्षात येतात. खरा प्रश्न येतो वाटेपासून पन्नास पावलं आत शिरून ‘आपली’ गुहा शोधणाऱ्यांचा.

मग एकेक जागा.

जटाशंकर गावापासून दीड-दोन किलोमीटरवर आहे. शंभराहून अधिक पायऱ्या उतरून घळीच्या तळाशी जावं लागतं. लक्षात ठेवा, इथे चढ शेवटी येतो. आईंचे गुडघे उतरताना बोलतील आणि दम परतताना लागेल. घाई न करता वीस-पंचवीस पायऱ्यांवर एकदा थांबलं तर जमण्यासारखं आहे. तळाशी दोन्ही बाजूंना उंच भिंती आणि डोक्यावर अडकलेल्या शिळा. आतल्या दगडाची घडण शंकराच्या जटांसारखी दिसते, म्हणून नाव जटाशंकर. ठिबकणाऱ्या पाण्याने तयार झालेले गोल उंचवटे स्वयंभू लिंगं मानतात, त्यांची संख्या एकशे आठ सांगतात. जंबूद्वीप ओढ्याचा उगम इथलाच मानला जातो. सकाळी आठच्या आत पोचा. दहानंतर पायऱ्यांवर रांग लागते आणि ओल्या पायांनी सगळी फरशी निसरडी होते.

निसरडेपणाबद्दल बारकाईने सांगायला हवं, कारण इथे होणाऱ्या बहुतेक दुखापती घसरून होतात. कोरडा वाळूखडक पायाला काचकागदासारखा धरतो. पण लाखो पावलांनी गुळगुळीत झालेल्या जागी पाणी, शेवाळ, नारळाचं पाणी आणि दिव्याचं तेल एकत्र आलं की काहीच धरत नाही. चपला बाहेर काढाव्या लागतात. अशा वेळी मोजे घालून चालू नका, ओला मोजा अनवाणी पायापेक्षा जास्त घसरतो. तळवे पुसून, पाऊल सपाट टेकवत, छोटी पावलं टाका. टाच आधी टेकवून चालण्याच्या सवयीनेच माणूस मागे पडतो. आईंच्या एका बाजूला कठडा आणि दुसऱ्या बाजूला अर्धं पाऊल खाली एक माणूस, अशी रचना ठेवा. हात धरून वरून ओढण्यापेक्षा खाली उभं राहून खांदा देणं जास्त उपयोगी पडतं.

गुप्त महादेव मोठ्या महादेवाच्या जवळच आहे, गावापासून साधारण दहा किलोमीटरवर. तोंडाशी हनुमानाची मूर्ती आहे. आत सुमारे चाळीस फुटांची भेग, एका वेळी एकच माणूस आणि तोही बाजूने सरकत. आतल्या जागेत सात-आठ माणसं जेमतेम उभी राहतात. या खेपेतली माझ्या मते सर्वांत जपून करायची जागा हीच, म्हणून दिवसाची सुरुवात इथून करा आणि मोठा महादेव नंतर घ्या. बहुतेक लोक उलटं करतात आणि बरोबर गर्दीच्या वेळी या भेगेत अडकतात.

शिरण्याआधी पाठीवरची पिशवी, पोटावरचा पाऊच, कमरेचा मोबाइल सगळं काढून बाहेर एकाजवळ द्या. चेहरा कोणत्या बाजूला ठेवायचा ते तोंडाशीच ठरवा, आत मान वळवता येत नाही. डोक्याला सुती दुपट्टा किंवा पंचा गुंडाळा, खडबडीत छताने कपाळ सोलवटतं. सर्वांत पुढे बॅटरी घेतलेला मोठा माणूस, मग मुलं, शेवटी पुन्हा मोठा माणूस. आत गेलेले बाहेर आल्याशिवाय नव्याने कोणी शिरायचं नाही, हा नियम पुजारी किंवा सेवेकरी पाळायला लावतात. कोणी सांगणारं नसेल तर तुम्ही स्वतः ओरडून ‘आत कोण आहे’ विचारा आणि उत्तराची वाट पाहा.

भेगेत कोणी घाबरलं तर काय होतं ते समजून घ्या. घाबरलेला माणूस जोरात श्वास घेतो, छाती फुगते, कपडा दगडाला घासतो आणि त्याला वाटतं आपण खरंच अडकलो. त्याला ओढू नका. ओढल्याने कपडा गोळा होऊन जास्त अडकतो. शांत आवाजात श्वास पूर्ण सोडायला सांगा. छाती रिकामी झाली की दोन-तीन सेंटिमीटर मोकळे होतात. मग ज्या बाजूने आला त्याच बाजूने एकेक पाऊल. मुलांना हे बाहेर खेळासारखं करून दाखवा: श्वास सोड, सरक, थांब, श्वास घे. आईंना बंद जागेत जीव घाबरतो का, हे घरीच विचारून घ्या. दमा असेल, छातीत दुखण्याचा त्रास असेल, तर त्यांनी तोंडाशी नमस्कार करावा. आत गेल्याने देव जवळ येतो आणि बाहेर राहिल्याने लांब राहतो असं कुठल्याही कथेत नाही.

आत उदबत्ती, कापूर पेटवू नका. अरुंद जागेत धूर बाहेर निघायला वाव नसतो, मागच्या माणसाचे डोळे आणि घसा धरतो. काजळी छतावर बसते आणि वाळूखडकाच्या फटीत शिरलेली काजळी नंतर धुऊन निघत नाही. आरती तोंडाशी करावी, नारळ बाहेर फोडावा.

मोठा महादेव म्हणजे साठेक फुटांची प्रशस्त गुहा. छतातून वर्षभर पाणी ठिबकतं आणि आतल्या कुंडात पडतं. वैशाखातही ते थांबत नाही. कारण वर सांगितलं तेच: डोंगराने पावसाळ्यात पिऊन ठेवलेलं पाणी तो महिनोन्‌महिने सोडत राहतो. इथे आईंना काहीच त्रास नाही, फक्त अंगावर थेंब पडतात. हिवाळ्यात पहाटे पचमढीत कडाक्याची थंडी असते, तेव्हा ओलं डोकं घेऊन जीपमध्ये बसू नये. एक कोरडा टॉवेल आणि कानटोपी हाताशी ठेवा. कुंडातलं पाणी तीर्थ म्हणून जिभेला लावायला हरकत नाही. बाटली भरून मुलांना दिवसभर पाजू नका. त्यात हजारो हात बुडालेले असतात.

कथा सांगायची तर जागांच्या क्रमाने सांगा. भस्मासुराने तप करून शंकराकडून वर घेतला: ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन तो भस्म होईल. आणि तो हात त्याने शंकराच्याच डोक्यावर ठेवायचं ठरवलं. शंकर पळाले. इटारसीजवळच्या तिलक सिंदूरपासून ही पळापळ सुरू झाली असं त्या भागात सांगतात. जटाशंकरच्या घळीत ते लपले आणि तिथे आपल्या जटा सोडून गेले. गुप्त महादेवाच्या भेगेत शिरले. शेवटी मोठ्या महादेवाशी विष्णूने मोहिनीचं रूप घेतलं, भस्मासुराला नाचायला लावलं आणि नाचता नाचता त्याचाच हात त्याच्या डोक्यावर ठेववला. ही कथा देशात अनेक ठिकाणी सांगतात. पण इथे ती दगडाला इतकी घट्ट बसली आहे की उंच भिंतींची घळ, अंग चोरून शिरायची भेग आणि मोकळी गुहा हीच तिची तीन प्रकरणं झाली आहेत. मुलांना घरी अर्धी सांगा आणि उरलेली जागेवर पुरी करा. हंडीखोहची गोष्टही त्याच ओघात येते: शंकराने एका दुष्ट नागाला तिथे कोंडलं, सरोवर आटलं आणि हंडीच्या आकाराची दरी उरली. ती शंभर मीटरच्या आसपास खोल आहे, कठड्याबाहेर एक पाऊलही नाही.

एक गोष्ट लक्षात घ्यावी. या डोंगरात गोंड आणि कोरकू लोक पिढ्यानपिढ्या राहतात आणि महादेवाच्या या जागा त्यांच्याही आहेत. सोबत स्थानिक वाटाड्या घेतलात तर त्याला त्याच्या घरातली कथा विचारा. ती पुराणातल्यापेक्षा वेगळी निघाली तर ‘चूक’ म्हणून दुरुस्त करू नका.

चौरागड मोठ्या महादेवापासून पुढे साडेतीन-चार किलोमीटर, शेवटी सुमारे तेराशे पायऱ्या. माथा तेराशे मीटरच्या वर आहे. धडधाकट माणसाला जाऊन-येऊन चार ते पाच तास धरा, मुलांबरोबर सहा. सकाळी आठला निघालात तर दुपारी दोनपर्यंत खाली याल. माणशी दोन लिटर पाणी हवं. आई रोज पाच-सहा किलोमीटर चालत असतील आणि जिने चढायची सवय असेल तरच विचार करा. नाहीतर त्यांना मोठ्या महादेवाशी सोबतीला एक जण ठेवून थांबवा. त्रिशूळ नेणार असाल तर टोकाला जाड कापड बांधा आणि खांद्यावर आडवा न धरता उभा धरा. पायऱ्यांवर मागच्याच्या डोळ्याची उंची बरोबर तुमच्या खांद्याच्या टोकाशी येते. आणि नकाशात शोधताना जपा: नरसिंहपूर जिल्ह्यात गाडरवाऱ्याजवळ चौरागड नावाचाच गोंड राजांचा किल्ला आहे. फोनने तिकडचा रस्ता दाखवला तर तो दुसरा चौरागड.

नागद्वारीला जाणाऱ्या घरातल्या मोठ्यांसाठी वेगळं सांगतो. पचमढीहून जीपने जलगलीपर्यंत आणि पुढे पायी. काजरी, पद्मशेष, चिंतामणी, चित्रशाळा माता, स्वर्गद्वार अशी ठिकाणं लागतात. सात डोंगर ओलांडावे लागतात असं यात्रेकरू म्हणतात आणि चालून आलेल्याला ते खोटं वाटत नाही. दोन दिवस हाताशी ठेवा. विदर्भातली सेवा मंडळं वाटेत जेवण-चहा देतात, एसटी नागपूरहून जादा गाड्या सोडते. त्यामुळे उपाशी राहायची भीती नाही. भीती पाण्याची आहे. काजरीची कथा सांगतात ती अशी: एका बाईने मूल झालं तर नागदेवाला काजळ घालीन असा नवस केला. मूल झालं, ती काजळ घेऊन गेली आणि नागाचं विराट रूप पाहून तिथेच प्राण सोडला. गावाला तिचं नाव राहिलं.

या वाटेवर ओढे आडवे येतात. ओढा ओलांडायच्या आधी पाच मिनिटं थांबून पाहा. पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पानं वाहून यायला लागली, आवाज जड झाला, तर वर पाऊस पडला आहे आणि लोंढा मागून येतो आहे, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. अशा वेळी ओढ्याच्या दिशेने खाली पळू नका, बाजूला उंचावर चढा. वाळूखडकाच्या अरुंद घळीत पाण्याला पसरायला जागा नसते, म्हणून ते रुंदीत न वाढता उंचीत वाढतं. पाणी गुडघ्याच्या वर आणि वेगाचं असेल तर थांबा. बहुतेक छोटे ओढे पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत उतरतात. लोखंडी शिड्यांवर एका वेळी ठरावीक माणसं सोडतात, तिथे मागून रेटा देऊ नका. शिडीकडे तोंड करून उतरायचं, पाठ करून नव्हे. प्लॅस्टिकचा रेनकोट पायात येतो, कमरेपर्यंतचा घ्या. छत्री नकोच.

वटवाघळं, माशा आणि माकडं याबद्दलही सांगायला हवं. कड्यांच्या पोटाला आग्यामोहोळ लटकलेलं असतं. धूर, अत्तर आणि आरडाओरडा त्यांना चिडवतो. पोळं दिसलं की बोलणं बंद, डोकं झाकून पुढे सरका. माशा उठल्याच तर हात हलवत उभे राहू नका, चेहरा कपड्याने झाकून जितकं लांब जाता येईल तितकं भरभर जा. पाण्यात बुडी मारून उपयोग नाही, त्या वर घोंगावत थांबतात. काटा नखाने किंवा कार्डाने लगेच खरवडून काढा. अनेक दंश असतील, ओठ-जीभ सुजत असेल किंवा श्वास लागत असेल तर सरळ दवाखाना. वटवाघळांच्या कोरड्या विष्ठेची धूळ छातीत जाऊ देऊ नये. जिथे नाकाला झोंबणारा वास आहे आणि पायाखाली भुसभुशीत थर आहे त्या गुहेत मुलांना नेऊ नका. माकडं हातातली पिशवी ओळखतात, प्रसाद बंद डब्यात ठेवा आणि ओढाओढी झाली तर सोडून द्या.

वेळ उरला तर पांडव गुहा पाहा, पण त्या निसर्गनिर्मित नाहीत. टेकडीत कोरलेल्या पाच खोल्या आहेत. अभ्यासक त्या बौद्ध भिक्षूंच्या मानतात, लोक पांडवांच्या वनवासाशी जोडतात आणि पाच मढींवरून, म्हणजे कुटींवरून, पचमढी नाव पडलं असं सांगतात. मुलांना छिन्नीची रेघ आणि पाण्याची रेघ यांतला फरक इथे दाखवता येतो: छिन्नीचा कोपरा काटकोनात वळतो, पाण्याचा कधीच नाही. या डोंगरात चित्रं असलेल्या कपारीही पुष्कळ आहेत. जटाशंकरजवळच्या एका कपारीत वाद्य वाजवणारा माणूस रंगवला आहे. चित्रांना हात लावू नये. रंग उठून दिसावेत म्हणून पाणी शिंपडू नये, खडूने कडा गिरवू नयेत. वाळूखडकावरचा रंग दगडाच्या वरच्या कणांनाच धरून असतो, कण सुटला की चित्र गेलं. संरक्षित स्मारकावर नाव कोरणाऱ्याला १९५८ च्या कायद्याने, २०१० च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. परतताना भोपाळकडून येणार असाल तर भीमबेटक्याच्या चित्रांच्या कपारी जरूर घ्या. तोही वाळूखडक, नावात तोही भीमाचा, आणि त्या चित्रांकडे १९५७ मध्ये जगाचं लक्ष वेधलं ते पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकरांनी.

सामानात प्रत्येकाला कपाळावर बांधायची बॅटरी हवी, दोनशे-तीनशे ल्युमेनची पुरते. मोबाइलचा उजेड चालत नाही, कारण तो धरायला एक हात अडकतो आणि ओल्या दगडावर दोन्ही हात मोकळे लागतात. पाचांमध्ये दोन जादा बॅटऱ्या. पंचा, कोरडे मोजे परतीसाठी, मीठ-साखरेची पुडी, आईंची औषधं अंगावरच्या खिशात. रबरी, खाचदार तळाचे बूट. नवे कोरे बूट मात्र नकोत, फोड येतात.

नागपूर ते पचमढी अडीचशे किलोमीटरच्या आसपास, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली या वाटेने सहा-सात तास. रेल्वेने गेल्यास पिपरिया स्टेशन, तिथून पन्नासेक किलोमीटर. पहिल्या दिवशी दुपारी पोचून फक्त आराम. पचमढी हजार मीटरच्या वर आहे, आईंना रात्री थंडी बाधू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गुप्त महादेव, मग मोठा महादेव, चालणाऱ्यांनी पुढे चौरागड. तिसऱ्या दिवशी पहाटेच जटाशंकर, नंतर पांडव गुहा आणि हंडीखोह. अभयारण्यातल्या ठिकाणांसाठी लागणारा वनविभागाचा परवाना आणि जिप्सी यांची चौकशी बायसन लॉजमध्ये पोचल्या दिवशीच करा, सकाळच्या रांगेत दोन तास जातात. परतीला अकराच्या आत गाडी काढा. हिवाळ्यात तामियाच्या वळणांवर संध्याकाळी धुकं उतरतं, तो टप्पा दिवसाउजेडी पार व्हायला हवा.